लग्नपत्रिकांच्या चांदण्या

आमच्या गल्लीत लग्नपत्रिका कुणी रद्दीत टाकत नाही. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचा पूर येतो, आणि खान्देशात पत्रिका वाटायला निघालेला माणूस ओळखीचं एक दार सोडत नाही. धुळ्याहून सासरच्या भाऊबंदांच्या येतात, रावेरहून माझ्या माहेरच्या येतात, नवऱ्याच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांच्या येतात. जाड पुठ्ठा, सोनेरी कड, आत गुळगुळीत कागद आणि वर चकाकणारा गणपती. लग्न लागतं, जेवणं होतात, पत्रिका फ्रिजवर पडून राहते. बाकी गावात पुढे तिचं काय होतं मला माहीत नाही. आमच्याकडे ती सिस्टरांकडे जायची.

सिस्टर म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातल्या. निवृत्त नर्स, मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. नोकरीमुळे जळगावला आल्या, मेहरूणमध्ये तलावाच्या अलीकडे घर बांधलं आणि इथल्याच झाल्या. त्यांचे यजमान वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. सिस्टरांना मात्र काकू-मावशी कुणी केलं नाही. गल्लीतल्या निम्म्या पोरांना इंजेक्शनं त्यांनीच टोचलेली, त्यामुळे आमच्याकडे 'सिस्टर' हा शब्द थोडा धाकाचा आहे. माझी मुलगी झाली तेव्हा तिला घरातली पहिली आंघोळ त्यांनी घातली. मी भीत भीत हात पुढे केला तर माझ्यावर खेकसल्या, "बाळ मोडत नाही, धर नीट." तेव्हापासून मी त्यांना भिते आणि फार मानते.

डिसेंबरचा पहिला रविवार आला की दुपारी दोनला त्यांच्या ओट्यावर सतरंजी पडायची. दहा-बारा पोरं आपापल्या घरातल्या पत्रिका पिशवीत भरून हजर व्हायची. मधे परातीत मैद्याची खळ, शेजारी ओळीने मांडलेल्या कात्र्या, सुईदोरा, जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या. नाताळपर्यंत दर रविवारी हा कारखाना चालायचा. झाडाला लावायचं सगळं तिथंच तयार व्हायचं. बाजारातला चकाकता गोळा सिस्टर घरात येऊ द्यायच्या नाहीत. "विकतचं काय, दुकानदारही लावतो," म्हणायच्या.

पत्रिकेची चांदणी करायची रीत अशी. पुठ्ठ्यातून एकाच मापाच्या दोन चांदण्या कापायच्या. एकीला वरच्या टोकापासून मध्यापर्यंत चीर द्यायची, दुसरीला खालच्या खाचेपासून मध्यापर्यंत, आणि दोघी एकमेकींत सरकवायच्या. चारही बाजूंनी दिसणारी उभी चांदणी होते, खळीचा थेंब लागत नाही. ऐकायला सोपं आहे. मला जमायला दोन वर्षं लागली, कारण माझी कात्री घाईची आहे, माझ्यासारखीच.

दुसरी वस्तू बोंडाची. कापूस वेचून झाला की बोंडाचं वाळकं फूल मागे राहतं, चार-पाच पाकळ्यांचं, टोकाला टोचणारं. त्याला चंदेरी रंग द्यायचा आणि मधोमध लाल मणी बसवायचा. तिसरी वस्तू माझ्या माहेरची. केळीचा घड उतरवला की खांब आडवा पडतो, त्याच्या वाळलेल्या सालीचे लांब पट्टे निघतात. पाण्यात भिजवले की ते मऊ होतात. मग बांगडीभोवती घट्ट गुंडाळायचे आणि वर पत्रिकेतली लाल रेशमी दोरी बांधायची. रावेरला गेले की मी पिशवीभर पट्टे घेऊन यायची. बहीण केळी सोडून साल का नेते, हे माझ्या भावाला अजून उमगलेलं नाही.

आणि झाड म्हणजे पऱ्हाटी. कापसाचं वाळकं झाड, मुळासकट उपटलेलं, फांद्यांना कुठं कुठं मागे राहिलेला किडका कवडी कापूस चिकटलेला. भाऊ दरवर्षी नशिराबादकडच्या एका ओळखीच्या शेतातून मोटारसायकलला आडवी बांधून आणायचे. कुणी म्हणालं, नर्सरीत खरं झाड मिळतं, तर हसून म्हणायचे, "जळगावात देवाला पऱ्हाटीच चालते." तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून ती उभी करायची. पोरं हाताला ओरखडे काढून घेत तिला सजवायची आणि भाऊ खाली बसून त्यांना वर्कशॉपच्या गोष्टी सांगायचे, निम्म्या खऱ्या, निम्म्या रचलेल्या.

प्रत्येक पोरानं चार वस्तू करायच्या असा सिस्टरांचा नियम होता. एक झाडाला, एक आपल्या घरी, एक शाळेतल्या बाईंना आणि एक ज्याच्याशी भांडण झालंय त्याला. चौथी देताना तोंडानं काही बोलायची गरज नाही, नुसती हातात ठेवायची. एका वर्षी माझ्याकडे चौथ्या प्रकारच्या तीन वस्तू जमल्या. त्यातली एक माझ्या मुलीची होती.

माझ्या सासूबाईंना गल्ली अक्का म्हणते. त्या धुळ्याकडच्या, घरात अजून अहिराणीच बोलतात. अक्कांचा या सगळ्यात एकच आक्षेप होता, गणपतीवर कात्री चालवायची नाही. सिस्टरांनी तो लगेच मान्य केला. पत्रिकेवरचा गणपती पोरं आधी अखंड कापून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायची, आणि नाताळनंतर तो डबा अक्कांकडे यायचा. एकदा एका चिमुरडीनं गणपतीच दोरा ओवून झाडाला टांगला. सिस्टरांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे, पाहुणा आहे."

गेल्या वर्षी श्रावणात भाऊ गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. आयुष्यभर इतरांच्या नाड्या पाहिलेल्या सिस्टर त्यांचं मनगट धरून बसून राहिल्या होत्या. सोडा म्हणायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. त्या घरात सणाची कढई चढत नाही. तळणाचा वास शेजाऱ्यांकडून येतो, शेजारीच ताट भरून नेऊन देतात. दिवाळीत आम्ही तेच केलं. गल्लीतल्या प्रत्येक घरातून सिस्टरांकडे फराळाचं ताट गेलं. त्यांनी सगळी ताटं घेतली, रिकामी करून धुऊन परत केली, आणि मला म्हणाल्या, "दोन महिने चिवडा खाणार आता मी. तुम्ही मला हृदयविकारानंच मारणार." मला बरं वाटलं, कारण श्रावणानंतर त्या पहिल्यांदा खेकसल्या होत्या.

त्याच बोलण्यात त्यांनी सांगितलं, "मुलगी म्हणते, घर विकून पुण्याला ये. नाताळ होऊ दे, मग बघू." त्या जातील हा विचार मला अजिबात सोसला नाही. पण मी तोंडदेखलं म्हणाले, "बरोबर आहे, एकटीनं राहणं अवघडच." माणूस मनात एक ठेवून तोंडानं शहाणपणाचं बोलतो, तसंच ते होतं.

नोव्हेंबर संपत आला. पत्रिका येऊ लागल्या. मुलीनं पिशवी भरायला घेतली तेव्हा अक्कांनी तिचा हात धरला.

"तिना नवरा गया. औंदा सण कसाना?" अक्का मला म्हणाल्या. "पोरेस्ले सांगी दे, तठे जाऊ नका."

त्यांच्या बोलण्याला कारण होतं. सासरे गेले त्या वर्षीच्या दिवाळीत गल्लीत एक फटाका वाजला नव्हता, आणि ते अक्कांनी आयुष्यभर उपकारासारखं लक्षात ठेवलंय. त्यांना जे मिळालं तेच त्या सिस्टरांना देऊ पाहत होत्या. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी त्यांच्याही पुढे गेले. गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, 'सिस्टरांकडे यंदा दुःख आहे. मुलांनी पत्रिका घेऊन जाऊ नये. त्यांच्या घरासमोर नाताळचा विषय काढू नये.' खाली धडाधड हात जोडलेली चित्रं आली. एकीनं लिहिलं, 'किती समजूतदार आहात ताई.' सिस्टर त्या ग्रुपवर नव्हत्या, त्यांच्या फोनवर फक्त फोन येतात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपल्याला लागू असते तेव्हा नेमकी आठवत नाही.

पहिला रविवार गेला. पोरं सिस्टरांच्या घरासमोरून जाताना सायकलवरून उतरून, आवाज न करता चालत जायची. मीच तसं शिकवलं होतं. सिस्टर ओट्यावर खुर्चीत बसलेल्या दिसायच्या, रस्त्याकडे बघत. मला वाटायचं, बिचाऱ्या भाऊंच्या आठवणीत आहेत. मी मान खाली घालून भराभर पुढे जायची.

दुसऱ्या रविवारनंतर त्या मला भाजीच्या गाडीवर भेटल्या. वांगी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "मुलं दिसत नाहीत गं हल्ली. परीक्षा आहेत का?"

मी म्हणाले, "हो ना सिस्टर, परीक्षा आहेत."

परीक्षा कुठल्या आणि काय. डिसेंबरात शाळेत गॅदरिंगची नाचगाणी चालली होती, माझी मुलगी घरात दिवसभर लेझीम आपटत होती. पण त्यांच्या जखमेवर बोट ठेवायचं नाही म्हणून मी खोटं बोलले, आणि खोटं इतकं सहज आलं की मला त्याचं कौतुकच वाटलं. सिस्टरांनी वांगी तशीच ठेवली आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन गेल्या.

तिसरा रविवारही तसाच गेला. सोमवारी दुपारी अक्कांना गरगरायला लागलं म्हणून बी.पी. तपासायचं यंत्र आणायला मी सिस्टरांकडे गेले. फाटक ढकललं आणि ओट्यावर थबकले. सतरंजी अंथरलेली होती. कात्र्या ओळीने मांडलेल्या होत्या, मी मोजल्या नाहीत, पण नेहमीइतक्या असाव्यात. परातीवर ताट झाकलेलं होतं. मी ते उचललं. खाली मैद्याची खळ होती, वर साय धरून वाळलेली, कडेनं भेगा पडलेली.

सिस्टर आतून यंत्र घेऊन आल्या. मी परातीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"कालची आहे," त्या म्हणाल्या. "धुवायची राहिली. त्याच्या आधीच्या दोन रविवारची धुतली होती."

मी ताट परत झाकलं. त्या पुढे म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, औषधाची वेळ सांगावी तशा, "माझंच चुकलं. मला वाटायचं पोरं माझ्याकडे येतात. ती भाऊंकडे यायची. त्यांच्या गोष्टींना यायची. मी काय, नुसती ओरडणारी बाई. असो. काल संध्याकाळी मुलीला हो म्हणून सांगून टाकलं. बुधवारी येतेय ती. नाताळ झाला की तिच्याबरोबर जाईन. घराचं ती बघेल."

मी तिथंच सतरंजीवर बसले आणि सगळं सांगितलं. आमच्यात सण करत नाहीत ते सांगितलं, अक्का काय म्हणाल्या ते सांगितलं, ग्रुपवर मी काय लिहिलं ते शब्दन् शब्द सांगितलं. परीक्षेचं खोटंही सांगितलं. मला वाटलं होतं, कारण कळल्यावर त्यांना हायसं वाटेल.

त्या भडकल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही ठरवलंत? माझ्या घरी सण आहे की नाही हे तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंत?" यंत्राची पेटी त्यांनी खुर्चीवर आपटली. "मला एका शब्दानं विचारलं नाहीत! मी तीन रविवार इथं खळ शिजवून बसतेय. फाटकाचा आवाज आला की उठतेय. पोरं माझ्या दारावरून चोरासारखी जातात. मला वाटलं, घरात मयत झाली म्हणून पोरं भितात मला. आरशात बघितलं मी, की चेहरा इतका भीतिदायक झालाय का."

"सिस्टर, आमच्यात..."

"तुमच्यात असेल! आमच्यात नाताळ कुणासाठी थांबत नाही. घरातलं माणूस गेलं त्या वर्षी तर तो जास्त लागतो. एकटीनं कसा करू मी तो? पऱ्हाटी कोण आणणार होतं? मी?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी ओट्यावर बसून रडले. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. त्या दिवशी मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बी.पी.चं यंत्र उचललं आणि घरी आले.

घरी येऊन मी अक्कांवर तोंड सोडलं. तुमच्यामुळे झालं म्हणाले, जुन्या रीती दुसऱ्यांच्या गळ्यात बांधता म्हणाले. ग्रुपवर मीच लिहिलं होतं हे सोयीस्कर विसरले. अक्का पलंगावर पडल्या होत्या, त्या उठून बसल्या.

"त्यासनामा असं ऱ्हास नही, हाई माले काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. ख्रिस्ती माणसांत सण असा थांबत नाही, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. लगेच पुढे म्हणाल्या, "आपलंच चुकनं."

अक्कांना मी पंधरा वर्षांत एवढं लगेच चूक कबूल करताना ऐकलं नव्हतं. माझा राग जागच्या जागी विरला. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, बी.पी. घेतलं. जरा वाढलेलं होतं, पण पडून राहायला त्या तयार नव्हत्या.

मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. या वेळी फार वेळ लागला. 'माझी चूक झाली. सिस्टरांकडे नाताळ आहे. त्या मुलांची वाट बघत आहेत. उद्या शाळा सुटली की पत्रिका घेऊन सगळ्यांनी यावं.' हात जोडलेलं चित्र एकही आलं नाही. सगळ्यांनी नुसतं 'बरं' लिहिलं. नवऱ्याला फोन केला आणि ऑफिसातून परस्पर नशिराबादकडे जायला लावलं. तो चांगली छातीइतकी पऱ्हाटी घेऊन आला, पण गाडीच्या मागच्या सीटवरून आणल्यामुळे तिच्या अर्ध्या फांद्या मोडल्या होत्या. भाऊंसारखी बांधता येत नाही हे त्यानंही कबूल केलं.

मंगळवारी दुपारी आम्ही निघालो. मी म्हणाले, अक्का, तुम्ही पडून राहा. त्या काठी घेऊन आधीच दारात उभ्या होत्या. "तू एकली कसाले जास? मी बी येस." त्यांच्या हातात कापसाची पिशवी होती. मागे पोरांची रांग, सगळ्यात मागे पऱ्हाटी खांद्यावर घेतलेला माझा नवरा. लोक बघत होते, बघू दे.

सिस्टर ओट्यावरच होत्या. अक्का काठी टेकत पायऱ्या चढल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "सिस्टर, आमनं चुकनं. पन तुमी बी एक हाक माराले पायजे व्हती."

"मी कुणाला हाक मारत नाही, अक्का," सिस्टर म्हणाल्या. "मी दार उघडं ठेवते."

मग सिस्टरांनी अक्कांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पोरांकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "चपला बाहेर! सतरंजीवर माती आणली तर परत पाठवीन." पोरं इतकी खूश झाली की दोघांनी चपला थेट रस्त्यावर फेकल्या.

एका दुपारीत तीन रविवारचं काम काढायचं होतं. नवीन खळ शिजली. मोठ्या मुली चांदण्या कापायला बसल्या, लहानांना बोंडं रंगवायला दिली, आणि रंग बोंडांपेक्षा नाकांना जास्त लागला. केळीचे पट्टे त्या वर्षी मी आणलेच नव्हते, तेव्हा बांगड्यांना सुतळी गुंडाळली. एका मुलानं घाईत गणपतीची सोंड कापली आणि सगळे श्वास रोखून अक्कांकडे बघू लागले. अक्कांनी तो तुकडा मागून घेतला, सोंड खळीनं जागेवर चिकटवली आणि डब्यात टाकला. माझ्या चांदणीच्या चिरा पुन्हा वाकड्या गेल्या. "घाई, घाई," सिस्टर म्हणाल्या. "विचार न करता कात्री चालवायची खोड आहे तुला." ते नुसतं चांदणीबद्दल होतं असं मला वाटत नाही.

अक्का इतक्या वर्षांत त्या कारखान्यात कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतला कापूस काढला आणि पूजेत देवाला घालतो तसं वस्त्र करायला घेतलं. बोटं ओली करून कापूस लांबवायचा, ठरावीक अंतरावर पीळ द्यायचा, की मण्यांची माळ दिसते. पोरं कामं सोडून बघायला आली. हातभर माळ झाल्यावर अक्कांनी कनवटीची, देवाच्या कुंकवाची पुडी काढली, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी सिस्टरांकडे पाहून विचारलं, "कुंकू लाऊ का?"

मला तो प्रश्न ऐकून गलबलून आलं. आदल्या दिवसापर्यंत आमच्या घरात कुणाला असं विचारायचं सुचलं नव्हतं.

सिस्टरांनी जरा विचार केला. "थोडं लावा," त्या म्हणाल्या. "झाड फार पांढरं दिसतंय." मग पऱ्हाटीच्या मोडक्या फांद्या त्या माळेनं बांधून सरळ केल्या.

बुधवारी दुपारी पुण्याची मुलगी गाडी घेऊन आली. आम्ही सगळे पुन्हा ओट्यावरच होतो, कारण भेट द्यायच्या वस्तू राहिल्या होत्या. ती फाटकातच उभी राहून बघू लागली. लहानपणी तीही त्याच सतरंजीवर बसलेली. गाडीच्या मागच्या सीटवर घड्या केलेली रिकामी खोकी होती, सामान भरायला आणलेली. ती बघून सिस्टर खरंच जाणार हे मला पटलं. तरी तिच्याशी नीट बोलायचं ठरवलं आणि चहा टाकायला म्हणून तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेले.

खरं सांगायचं तर मला तिचा राग होता. आईला उचलून न्यायला निघालीय, असं मी दिवाळीपासून मनात धरलं होतं. चहा उकळत असताना मी म्हणाले, "तुलाही काळजी वाटते, कळतं गं. पण आईचं सगळं इथं आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, मी दिवाळीत एकदाच विचारलं होतं. तेव्हा आई म्हणाली, बघू. आणि पुढे हसून म्हणाली, डिसेंबरात इथली पोरं कुठं जातील? मी समजले, ती येत नाही. मी विषय सोडून दिला होता. रविवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. म्हणाली, ने मला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, इथं आता माझं काही काम उरलं नाही."

चहा उतू गेला. तो पुसायला मी फडकं घेतलं. रविवारी संध्याकाळी मी घरात लेकीचं गॅदरिंगचं नेसणं शिवत बसले होते. मधे फक्त चार घरं.

मी तशीच ओट्यावर गेले. सिस्टर शेवटच्या चांदणीत दोरा ओवत होत्या. अक्का शेजारी होत्या, पोरं पिशव्यांत वस्तू भरत होती. सगळ्यांसमोर बोलायची मला लाज वाटत होती, पण थांबले असते तर मी पुन्हा काहीतरी शहाणपणाचं बोलले असते. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"सिस्टर, जाऊ नका."

त्यांनी मान वर केली नाही. "कोण म्हणतंय? गल्ली म्हणतेय, का अक्का?"

"मी म्हणतेय. मला तुम्ही इथं हव्यात."

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दातांनी तोडला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, आवाज मात्र तोच.

"एवढं तोंडानं सांगायला तुम्हाला माणूस मरावं लागतं का गं?"

त्यांनी आतल्या दाराकडे वळून मुलीला हाक मारली आणि सांगितलं, खोकी गाडीतच राहू दे.